ट्रेनर बोलवायच्या आधी हे वाचा: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या छोट्या संस्थांसाठी

मार्च जवळ आला की आपल्याकडच्या बऱ्याच संस्थांना ट्रेनिंगची आठवण होते, कारण बजेटमध्ये 'क्षमता बांधणी' म्हणून एक ओळ असते आणि ते पैसे ३१ तारखेच्या आत संपवायचे असतात. मग कुणाच्या तरी ओळखीनं कुणीतरी सर येतात, प्रोजेक्टर लागतो, नेतृत्वाचे गुण सांगून होतात, फुगे फोडायचा खेळ होतो, जेवण होतं, सर्टिफिकेटं वाटून ग्रुप फोटो निघतो. आणि सोमवारी बघावं तर पावती पुस्तक अजून सेक्रेटरींच्या घरीच, प्रोसिडिंग बुकात मागच्या मीटिंगांचं काहीच लिहिलेलं नाही, पंचायतीला दिलेल्या निवेदनाची पोच कुणाकडं आहे ते कुणालाच माहीत नाही.

दोष एकट्या सरांचा नसतोय. आपण बोलवतानाच नीट बोलवत नाही. महिला मंडळं, तरुण मंडळं, वाचनालयं, शाळा चालवणाऱ्या छोट्या संस्था, बचत गटांचे संघ यांच्या हिशोबाच्या आणि कागदपत्रांच्या कामात राहून जे दिसलं त्यावरून लिहितेय, मोठ्या फंडवाल्या एनजीओंना यातलं बरंचसं माहीत असणार, त्यांनी सोडून दिलं तरी चालेल.

आधी नेमकं काय अडलंय ते ठरवा

कमिटीनं एकदा बसून दोन वेगळ्या कागदांवर लिहायचं. एकावर आतल्या अडचणी, म्हणजे हिशोब जुळत नाही, माणसं टिकत नाहीत, अध्यक्ष वर्षानुवर्षं तेच आणि त्यांना कुणी काही बोलू शकत नाही, देणगीदाराला रिपोर्ट वेळेत जात नाही. दुसऱ्यावर बाहेरच्या, म्हणजे गावाला बस नाही, मराठी शाळेत शिक्षक नाही, विधवा पेन्शन अडकलंय, पाण्याची टाकी बांधली पण पाणी नाही. पहिल्या कागदासाठी मॅनेजमेंटचा ट्रेनर लागतो, दुसऱ्यासाठी अ‍ॅडव्होकसीचा, म्हणजे सरकारी ऑफिसात लोकांचा मुद्दा कसा लावून धरायचा ते शिकवणारा, आणि दोन्ही एकाच माणसाला तितकंच चांगलं येत असेल असं धरून चालू नका, क्वचित असतो असा माणूस पण क्वचितच.

कुठलं आधी घ्यायचं? माझं मत विचाराल तर आतलं. कारण तुम्ही ऑफिसात जाऊन जरा आवाज चढवला की समोरचा साहेब पहिला प्रश्न हाच विचारतो, तुमच्या संस्थेचं रजिस्ट्रेशन चालू आहे का, मागच्या वर्षीची यादी भरलीय का. तिथं गप्प बसावं लागलं की पुढचं सगळं निवेदन वाया.

पहिल्या फोनवरच माणूस कळतो

ट्रेनर अनुभवी आहे का नाही हे बायोडाटावरून कळत नाही. बायोडाटात सगळेच वीस-पंचवीस वर्षं या क्षेत्रात असतात. कळतं ते पहिल्या फोनवर ते तुम्हाला काय विचारतात त्यावरून. किती लोक येणार, प्रोजेक्टर आहे का, राहायची सोय काय, एवढंच विचारलं तर समजून जा की ठरलेली पीपीटी येणार. मुरलेला माणूस विचारतो की तुम्ही कुठल्या कायद्याखाली रजिस्टर आहात, शेवटचं ऑडिट कधीचं, कमिटीत नावं किती आणि मीटिंगला खरंच येणारे किती, चेकवर सह्या कुणाच्या, अलीकडं कुठल्या कामासाठी कुठल्या ऑफिसात गेला होता आणि तिथं काय उत्तर मिळालं. काहीजण तर सरळ म्हणतात की प्रोसिडिंग बुकाच्या शेवटच्या पानांचे फोटो काढून पाठवा, मग तारीख ठरवू. असा माणूस मिळाला तर मानधनासाठी घासाघीस करून घालवू नका.

तुम्हीपण विचारा. तुम्ही स्वतः संस्था चालवलीय का, का फक्त शिकवलंय? तुमच्याकडं शिकून गेलेल्या एखाद्या छोट्या संस्थेचा नंबर द्याल का? आणि नंबर मिळाला तर खरंच फोन करा, 'ट्रेनिंग कसं झालं' असं विचारू नका, सगळे छानच म्हणतात, विचारायचं की त्यानंतर तुमच्याकडं काय बदललं. उत्तर द्यायला फार वेळ लागला तर तेच उत्तर.

अजून एक छोटी परीक्षा. १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) बद्दल काहीतरी विचारा. हे नंबर १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यातले, आणि २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू, म्हणजे कलमांचे नंबर बदललेले. शिवाय २०२१ मध्ये सगळ्यांना परत नोंदणी करायला लावली तेव्हा ती पाच वर्षांसाठी दिली होती, तिची मुदत बघायची असते. 'एकदा १२ए मिळालं की कायमचं' असं अजून सांगणारे ट्रेनर आहेत. त्यांचा मान ठेवून दुसरा शोधा.

सीमेवरची खरी गोची

आपल्याला मराठीत शिकवणारा पाहिजे म्हणून आपण कोल्हापूर, सांगली, पुण्याकडं बघतो. तिथं चांगली माणसं आहेतच, पुण्यात तर यशदासारखी सरकारी प्रशिक्षण संस्था आहे, नॅशनल सेंटर फॉर अ‍ॅडव्होकसी स्टडीजच्या तालमीतले लोक आहेत. पण त्यांच्या तोंडात असतो धर्मादाय आयुक्त, चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलले की भरायचा कागद), शेड्यूल वनचा उतारा (संस्थेच्या नोंदीचा), कारण तिकडं १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा चालतो. आपल्या बहुतेक संस्था कर्नाटक सोसायटी रजिस्ट्रेशन कायदा १९६० खालच्या, आपला संबंध सहकार खात्यातल्या जिल्हा रजिस्ट्रारशी, आणि आपल्याला वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत कमिटीची यादी आणि ऑडिट झालेला हिशोब तिथं भरायचा असतो. पुण्याच्या मॅडमचं दोन दिवस ऐकून चेंज रिपोर्टचा नमुना घेऊन आलेला सेक्रेटरी इथं काय करणार त्या कागदाचं?

उलट धारवाड-हुबळीकडं कायदा माहीत असलेले, या राज्यातली ऑफिसं कोळून प्यालेले ट्रेनर आहेत, हुबळीत देशपांडे फाउंडेशनसारखी मोठी जागा आहे, पण तिथलं बरंचसं शिकवणं कन्नड नाहीतर इंग्रजीत, आणि आपली खानापूरच्या आतल्या गावातली मावशी तिथं मान डोलावून परत येते.

म्हणून जोडी लावायची. पद्धत, म्हणजे मीटिंग कशी चालवायची, टीम कशी बांधायची, मुद्दा कसा मांडायचा, हे मराठी ट्रेनरकडून. कायदा, फॉर्म, ऑफिस हे इथल्या माणसाकडून, आणि इथला माणूस म्हणजे मोठा तज्ज्ञच पाहिजे असं नाही, रिटायर झालेला पीडीओ (ग्रामपंचायतीचा विकास अधिकारी), तालुका पंचायतीत नोकरी केलेले कुणी, बेळगावातला संस्थांचं ऑडिट करणारा सीए, असे लोक अर्धा दिवस द्यायला खुशीनं तयार होतात. दोघांचं आधी एकमेकांशी फोनवर बोलणं करून द्या, नाहीतर सकाळी एक सांगतो आणि दुपारी दुसरा खोडतो. आयकर, सीएसआरचा (कंपन्यांच्या निधीचा) फॉर्म, एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) हे केंद्राचे विषय, ते दोन्हीकडं सारखेच, तेवढे कुणीही शिकवलं तरी चालतंय.

भाषेचं काय करायचं

सत्र मराठीतच घ्या, पण टेबलावर कागद कन्नडमधले ठेवा. ऑफिसातून येणारी पत्रं कन्नडमध्येच येणार आहेत, ती बघून घाबरून फाईलला लावून टाकायची सवय आपल्यात फार. चांगला ट्रेनर तुमच्याच फाईलमधली दोन-तीन पत्रं काढून सगळ्यांसमोर वाचून घेतो: हे कुणी कुणाला लिहिलंय, विषय काय, खाली कॉपी कुणाला, आणि आपल्याला किती दिवसांत काय करायचंय. प्रत्येक संस्थेत कन्नड बिनचूक वाचणारा एकतरी माणूस पाहिजे, नसेल तर कॉलेजला जाणारी गावातली पोरगी कमिटीत घ्या, तिला दोन्ही येतंय.

आता निवेदन मराठीत द्यायचं का कन्नडमध्ये. राज्यघटनेचं कलम ३५० सांगतंय की गाऱ्हाणं मांडण्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याला तिथं वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत निवेदन देता येतं. हक्क आहे तो, ट्रेनिंगमध्ये सगळ्यांना पाठ व्हायला पाहिजे. पण मी सांगेन की मराठी निवेदनाला कन्नड प्रत जोडा, कारण त्या दिवशी तुम्ही बससाठी गेलाय. भाषेच्या हक्कासाठी जायचं असेल तर त्यासाठी वेगळं, पूर्ण तयारीनं जा. सीमाप्रश्नावर आपल्या प्रत्येकाचं मत आहे आणि असणारच, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, पण पाण्याच्या टाकीच्या अर्जात तो विषय घुसला की साहेबाला टाकीवर उत्तर न द्यायला आयतं कारण मिळतं. बाहेरून येणाऱ्या ट्रेनरला हे आधीच सांगून ठेवा, काहीजण जोशात येऊन भाषण ठोकून जातात, नंतर इथं राहायचं आपल्याला असतंय.

कुणाला पाठवायचं, कधी, कुठं

एकट्याला कधीच पाठवू नका. एकटा शिकून आला की घरचे म्हणतात, आला मोठा शहाणा. सेक्रेटरी, खजिनदार आणि एक तिशीच्या आतलं माणूस असे तिघं तरी एकत्र. अध्यक्षांना पहिल्या दोन तासांसाठी बोलवा, त्यांच्या हस्ते उद्घाटन करा, मग जेवायला बोलवा. हसू नका, अध्यक्षांना वगळून केलेलं ट्रेनिंग पहिल्याच मीटिंगमध्ये पाडलं जातं.

तारखा शेतीची कामं बघून. जुलैमध्ये खानापूरकडं भात लावणी, त्या दिवसात बायका येणारच नाहीत. चिक्कोडी, अथणीकडं ऊसतोडीचा हंगाम बघा. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या पौर्णिमा टाळा. सलग तीन दिवस निवासी ठेवण्यापेक्षा महिन्याच्या अंतरानं एकेक दिवस जास्त कामाचा, मधल्या दिवसात काहीतरी करून बघता येतं आणि पुढच्या वेळी 'झालं नाही' हे तरी तोंडानं सांगावं लागतं.

जागा शक्यतो तालुक्याच्या गावी, स्टँडपासून चालत जाता येईल अशी. आणि खर्चाचा एक मुद्दा लोक विसरतात. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसमध्ये तिकीट नाही, म्हणजे खानापूर, बेळगाव, निपाणी कुठंही ठेवलं तरी त्यांचा प्रवास फुकट. तेच कोल्हापूरला ठेवलं तर प्रत्येकीचा तिकिटाचा खर्च आला, शिवाय संध्याकाळी घरी पोचायला उशीर आणि घरातल्यांची तोंडं वाकडी. त्यापेक्षा ट्रेनरचं गाडीभाडं देऊन त्यांना इकडं आणणं कधीही स्वस्त.

ट्रेनिंगच्या दिवशी खरं काय व्हायला पाहिजे

मॅनेजमेंटच्या दिवशी तुमचीच पुस्तकं टेबलावर. कॅशबुक, पावती पुस्तक, व्हाउचर, प्रोसिडिंग. ट्रेनरनं समोर एक खोटी मीटिंग भरवायला लावायची, विषयपत्रिका काढा, भांडा, ठराव मांडा, सूचक अनुमोदक लिहा, आणि लिहिलेला ठराव मोठ्यानं वाचा. बहुतेक ठराव 'चर्चा होऊन मंजूर करण्यात आला' असे असतात, काय मंजूर, किती रुपये, कोण करणार, कधीपर्यंत, काही नाही. हा एकच सराव नीट झाला तरी अर्धे पैसे वसूल. हिशोबात तसंच, २००० रुपयांच्या वरची देणगी रोख घेतली तर देणाऱ्याला ८०जी ची सवलत मिळत नाही, ही गोष्ट कित्येक खजिनदारांना माहीत नसते आणि गणपतीच्या वर्गणीसारखी रोख जमा करत बसतात.

अ‍ॅडव्होकसीच्या दिवशी एक चालू मुद्दा घ्यायचा, पुस्तकातला नाही. समजा खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या गावाची शाळेच्या वेळेची बस बंद झालीय. आपली सवय काय, पंधरावीस जण जमायचे, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायचं, पेपरात फोटो, घरी. मुरलेला ट्रेनर फळ्यावर आधी नावं काढायला लावतो की ही बस सुरू करायचा अधिकार कुणाला? डेपो मॅनेजर, त्याच्यावर वायव्य परिवहनचे बेळगावचे डिव्हिजनल कंट्रोलर, त्याच्यावर हुबळीचं मुख्य ऑफिस. मग या लोकांवर कुणाचं वजन पडतं, आमदार, शाळेचे हेडमास्तर, बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी), तालुक्याची केडीपी मीटिंग (विकासकामांच्या आढाव्याची). मग आपल्या बाजूनं कोण, विरोधात कोण, आणि कोण नुसतं बघत बसलंय. वडापवाल्यांचं पोट त्या रूटवर आहे हे कुणीतरी हळूच सांगतं, तेही फळ्यावर आलं पाहिजे. शेवटी मागणी एका वाक्यात: सकाळी इतक्या वाजता अमुक गावातून बस. 'विद्यार्थ्यांची गैरसोय दूर करावी' ही मागणी होत नाही, तिच्यावर 'योग्य ती कार्यवाही केली जाईल' हेच उत्तर येतंय.

मग पुराव्याचा भाग. किती पोरं, किती किलोमीटर चालतात, किती मुलींनी शाळा सोडली, हे गावानंच मोजायचं, ट्रेनरनं फक्त तक्ता कसा करायचा ते दाखवायचं. आरटीआय प्रत्यक्ष लिहून घ्यायचा, कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावायची, ३० दिवस थांबायचं, नाही आलं तर पहिलं अपील. लोक एकाच अर्जात सगळ्या जन्माचे प्रश्न विचारतात, म्हणून १५० शब्दांचा सराव दोनतीनदा करून घ्या. दाखले, पेन्शन असल्या कामांना आरटीआयच्या आधी सकाला, म्हणजे ठरलेल्या मुदतीत सेवा द्यायची कर्नाटक सरकारची योजना. २०११ च्या कायद्यानं ठरलेल्या सेवांना दिवस ठरवून दिलेत, अर्ज दिला की १५ आकडी नंबर मिळाला पाहिजे, तो नंबर मागायची सवय लावणं हीसुद्धा अ‍ॅडव्होकसीच. उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० भरपाईची तरतूद आहे, रक्कम किरकोळ पण मागितली की फाईल हलते.

उदाहरणं इथलीच द्यायला सांगा. निपाणीचं १९८१ चं तंबाखू आंदोलन घरातल्या म्हाताऱ्यांनी बघितलेलं आहे, शरद जोशींबरोबर शेतकरी पुणे-बंगळूर हायवेवर बसले होते, गोळीबार झाला, माणसं गेली. एवढ्या मोठ्या संख्येनं माणसं रस्त्यावर येतात तेव्हा आत काय तयारी असते, जेवणाची व्यवस्था कोण बघतं, बोलणी करायला कोण जातं, यावर गटात बोलायला लावलं तर लोक दोन तास उठत नाहीत. दुसरं घटप्रभेचं. माजी देवदासी बायकांची मास ही संघटना मायराडा या मोठ्या स्वयंसेवी संस्थेच्या मदतीनं १९९७ मध्ये उभी राहिली, आणि कारभार त्या बायकांच्याच हातात आला. मोठ्या संस्थेनं हात काढून घ्यायचा आणि खालच्यांनी चेकवर सह्या करायला शिकायचं, हे कसं होतं याचा याच्यापेक्षा जवळचा नमुना आपल्याला कुठं मिळणार? शक्य असेल तर वर्गात बसण्याऐवजी एक दिवस अशा ठिकाणी जाऊन या.

पैसे आणि कागद

मानधन आधी ठरवून एका पानावर लिहून घ्या, त्यात प्रवास, राहणं, जेवण वेगळं का धरून, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ट्रेनिंगनंतरचे फोन आणि एक भेट यातच धरलीय का. बिल आणि पॅन घ्या, पैसे बँकेतून द्या, एका ट्रेनरला वर्षात ५० हजारांच्या वर गेलं तर टीडीएस कापायचा असतो, सीएला विचारून घ्या. एका संस्थेला परवडत नसेल तर तीनचार मंडळांनी मिळून घ्या, पण बाईमाणसांचे गट आणि शिक्षण संस्थेचे पदाधिकारी एकाच खोलीत बसवू नका, बोलणारे तेच तेच बोलत राहतात.

फीडबॅक फॉर्म भरून घ्या पण त्यावर विसंबू नका. त्याऐवजी निघायच्या आधी प्रत्येक संस्थेनं तीन कामं तारखेसह लिहून ट्रेनरच्या हातात द्यायची, एक प्रत आपल्या प्रोसिडिंगमध्ये चिकटवायची, आणि ट्रेनरनं त्या तारखेला फोन करायचा. फोन आला की माणसं कामाला लागतात, नाही आला की नाही लागत, इतकं साधं आहे ते.

वेळेचं गणित मात्र डिसेंबरपासून मागं मोजत यायचं. बेळगावात सुवर्णसौधला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बहुतेक डिसेंबरात असतं, सगळे मंत्री, सेक्रेटरी दारात येतात, जवळच्या कोंडसकोप्पला आंदोलकांचे तंबू पडतात आणि प्रत्येक संघटना निवेदन घेऊन उभी असते. त्या गर्दीत ऐकलं जातं ते दोन पानांचं, आकडे असलेलं, खालच्या ऑफिसची पोच जोडलेलं निवेदन. ती पोच आणि आरटीआयचं उत्तर हातात यायला ऑक्टोबर उजाडतो, म्हणजे आरटीआय ऑगस्टच्या शेवटी पडायला पाहिजे, म्हणजे अ‍ॅडव्होकसीचा दिवस लावणी उरकली की लगेच, आणि पुस्तकं नीट करायचा दिवस पावसाच्या आधी, मे महिन्यात. ट्रेनर लोकांच्या तारखा लवकर भरतात, तेव्हा पहिला फोन एप्रिलमध्येच करून टाका.